बियाण्याचा जीनोम आणि घरचा परीक्षक

छत्रपती संभाजीनगर ते जालना हा साठेक किलोमीटरचा पट्टा देशाच्या बियाणे उद्योगाचे एक मोठे केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. पुढे जालन्याच्या अलीकडे, दावलवाडीला तिचे संशोधन केंद्र उभे राहिले. १९९८ मध्ये मॉन्सँटोने महिकोत २६ टक्के भागभांडवल घेतले आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जीईएसी या समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन बीटी संकरित कापूस वाणांना परवानगी दिली. चार वर्षांनी, २००६ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादच्या नाथ सीड्सला चिनी तंत्रज्ञानावर बेतलेल्या बीटी कापसासाठी मंजुरी मिळाली. याच शहरातली अजित सीड्स आणि तिचे ‘अजित १५५’ कापूस उत्पादकांना सांगायला नको. जनुक बदललेले बियाणे हा इथे दूरचा विषय नाही. कुणाचे वर्ष कापसावर निघते, कुणाचे बियाणे कंपनीच्या पगारावर, कुणाचे बीजोत्पादनाच्या करारावर.

म्हणूनच जीनोम सिक्वेन्सिंगबद्दल सध्या जे आश्वासक सूर ऐकू येतात, ते या पट्ट्याने जरा थांबून तपासावेत. युक्तिवाद असा असतो: जनुक बदलताना नको ते बदल होतात ही भीती जुनी झाली, आता पिकाचा संपूर्ण जीनोम अक्षरन् अक्षर वाचता येतो, वाचनाचा खर्चही उतरला आहे, तेव्हा वाचा, यादी करा, संशय मिटवा. यंत्राच्या क्षमतेबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. धोका पुढच्या पायरीवर आहे. जीनोम वाचला गेला, एवढ्यावरच तो तपासला गेला असे मानण्याची सवय आपल्याला लागते आहे. वाचन कुणी केले, कशाशी ताडून केले, कोणत्या रोपाचे केले आणि दुसऱ्या कुणाला ते पुन्हा करून पाहता येईल का, हे प्रश्न मग कुणी विचारत नाही.

आधी नको ते बदल म्हणजे काय, ते पाहू. बीटी कापूस तयार करताना ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूच्या मदतीने परके जनुक कापसाच्या पेशीत सोडतात. ते कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या जागी बसेल हे कुणाच्याही हातात नसते. ज्या पेशीत ते बसले, तिच्यापासून ऊतीसंवर्धनाने रोप वाढवतात. अशा एका घटनेला या धंद्यात ‘इव्हेंट’ म्हणतात, आणि पुढची कोट्यवधी झाडे त्या एका इव्हेंटची संतती असतात. भारतात आलेला पहिला इव्हेंट मॉन ५३१. कोकर ३१२ या अमेरिकी वाणात तो घडला आणि मग संकराने इथल्या वाणांत उतरवला गेला. या मॉन ५३१ मध्ये बोंडअळीला मारणाऱ्या क्राय१एसी जनुकाची एक पूर्ण प्रत आहे, तिला लागून त्याच जनुकाच्या शेपटाकडचा एक अर्धवट तुकडा आहे, आणि जीनोममध्ये दुसऱ्याच एका ठिकाणी २४२ अक्षरांचा आणखी एक छोटा तुकडा जाऊन बसला आहे. या तुकड्यांपासून काम करणारे प्रथिन बनत नाही आणि त्यांच्यामुळे कुणाला इजा झाल्याचा पुरावा नाही. ठरवले होते एक आणि झाले थोडे वेगळे, एवढेच यातून दिसते. आणि हे आजवर सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या इव्हेंटपैकी एकाचे वर्णन आहे.

सोयाबीनची गोष्ट याहून बोलकी आहे. मॉन्सँटोचे तणनाशक-सहनशील सोयाबीन, ज्याचा इव्हेंट ४०-३-२, १९९६ पासून अमेरिकेत लाखो एकरांवर होते. मंजुरीच्या वेळी कंपनीने जो नकाशा दिला, तो सदर्न ब्लॉट या तेव्हाच्या प्रमाण चाचणीवर आधारलेला होता. या चाचणीत डीएनएचे तुकडे करून, लांबीप्रमाणे वेगळे करून, ओळखीच्या अक्षरमालेने त्यांचा माग काढतात. मोठे तुकडे तीत नीट दिसतात, बारके निसटू शकतात. पीक बाजारात येऊन काही वर्षे झाल्यावर घातलेल्या जनुकाचे आणखी तुकडे सापडल्याचे कंपनीनेच कळवले. मग २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी त्या जनुकाच्या लगत ५३४ अक्षरांचा एक पट्टा दाखवला, जो सोयाबीनच्या ओळखीच्या अक्षरमालेशी जुळत नव्हता. तोवर जगातल्या कोंबड्या-डुकरांनी ते सोयाबीन टनावारी खाल्ले होते आणि नियामक संस्थांनी नव्या माहितीनंतरही मंजुरी कायम ठेवली. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालनासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला केंद्राने मुभा दिली. तेव्हा लातूरच्या सोयाबीन उत्पादकांचा राग भाव पडण्यावर होता, आणि तो रास्तच होता. पेंडीतल्या अक्षरांबद्दल चर्चा झाली नाही.

जुन्या चाचण्यांना जे दिसत नव्हते, ते आता किती दिसते, याचे उत्तर चकित करणारे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या अरेबिडोप्सिस या मोहरीवर्गीय रोपाच्या काही जनुक-परिवर्तित वाणांचे लांब पट्ट्यांत वाचन केले. एके ठिकाणी परक्या डीएनएच्या प्रतींची माळ २ लाख ३६ हजार अक्षरांपर्यंत पोहोचली होती आणि गुणसूत्रांचे भाग उलटसुलट जोडले गेले होते. ही रोपे अनेक वर्षे जगभर वापरात होती. त्याच वर्षी भात आणि मक्यात, जिथे जनुक-बंदुकीने सूक्ष्म कणांवरून डीएनए झाडतात, तिथे गुणसूत्रांची मोठी मोडतोड झाल्याचे जॉर्जिया विद्यापीठाच्या गटाने दाखवले.

इथवर वाचून कुणी घाबरला असेल तर त्याने पुढचे आकडेही पाहावेत. ते विरोधकांना फारसे आवडत नाहीत. २०१८ मध्ये भातावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्रिस्पर या जनुक कापून बदलणाऱ्या तंत्राने संपादित केलेली रोपे आणि संपादन न करता फक्त ऊतीसंवर्धनातून काढलेली रोपे, दोन्हींचे संपूर्ण जीनोम वाचून त्यांची तुलना केली गेली. ऊतीसंवर्धनातून गेलेल्या प्रत्येक रोपात साधारण १०२ ते १४८ ठिकाणी एकेक अक्षर बदलले होते आणि ३२ ते ८३ ठिकाणी काही अक्षरे गळली किंवा वाढली होती. क्रिस्परची कात्री भलत्या जागी चालल्याचे मात्र तपासलेल्या अनेक रचनांपैकी एकाच रचनेत आढळले. बियाणे नुसते पेरून, काढून, पुन्हा पेरले तरी काही डझन बदल आपोआप होतातच. कापसावर चीनमध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता: कात्रीच्या चुका विरळ, ऊतीसंवर्धनातले आणि मुळातलेच फरक भरपूर.

शिवाय अनपेक्षित बदल ही काही जनुक-तंत्रज्ञानाची मक्तेदारी नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये आलेला लेनापे हा बटाटा साध्या संकरातूनच तयार झाला होता. त्याच्यात विषारी ग्लायकोअल्कलॉइड इतके निघाले की १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाने घडवलेल्या उत्परिवर्तनांतून भुईमुगाचे वाण काढले. त्या वारशातला टीएजी-२४ उन्हाळी भुईमूग करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्या जीनोममध्ये किरणांनी काय काय हलवले, असे कुणी विचारले नाही, आणि शेंगा खाऊन कुणाचे बिघडले असेही ऐकिवात नाही. म्हणजे जीनोममध्ये बदल सापडला की धोका सापडला, हे समीकरण चूक आहे. बदलांची यादी शे-दोनशे ओळींची येणारच. त्यातली कोणती ओळ कामाच्या जनुकात पडते, तिच्याने कोणते प्रथिन बदलते, सरकीतल्या गॉसिपॉलसारखे एखादे नैसर्गिक विष वाढते का, हे जीनोम सांगत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणी, खाद्य-चाचण्या आणि शेतातले हंगाम लागतात. वाचन कुठे पाहायचे ते दाखवते. पाहण्याचे कष्ट मात्र टळत नाहीत.

माझी काळजी उलट्या बाजूची, म्हणजे कोऱ्या अहवालाची आहे. यादीत काही आलेच नाही, तर तिथे खरोखर काही नव्हते का?

सिक्वेन्सिंगची सर्वसाधारण पद्धत अशी. डीएनएचे असंख्य बारीक तुकडे करतात, प्रत्येकाची दीडशेच्या आसपास अक्षरे वाचतात आणि ते तुकडे संगणकावर आधीच ठाऊक असलेल्या संदर्भ जीनोमवर जागच्या जागी बसवतात. जिथे अक्षर जुळत नाही तिथे बदल नोंदवला जातो. जो तुकडा संदर्भात कुठेच बसत नाही, तो बहुधा बाजूला टाकला जातो. आता कापूस घ्या. आपल्या शेतातला अमेरिकन कापूस म्हणजे दोन वेगळ्या पूर्वजांचे जीनोम एकत्र आलेले पीक. त्याची ५२ गुणसूत्रे, सुमारे २३० कोटी अक्षरे, आणि जवळजवळ प्रत्येक जनुकाला दुसऱ्या पूर्वजाकडून आलेला जुळा. वर, दोन तृतीयांशाच्या आसपास भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा. दीडशे अक्षरांचा तुकडा या जुळ्यांपैकी नेमका कुणाचा, हे ठरवताना संगणकाचीही फसगत होते. संदर्भ म्हणून जो टीएम-१ वापरतात तो अमेरिकेतला प्रमाण वाण. इथल्या संकरित वाणाचे पालक त्याच्याहून हजारो ठिकाणी वेगळे असणार. त्या हजारोंतून प्रयोगशाळेत घडलेले शंभर बदल वेगळे काढायचे, तर रूपांतर करण्यापूर्वीच्या त्याच मातृरोपाचे बियाणे जपून ठेवलेले असावे लागते आणि तेही तितक्याच खोलवर वाचलेले असावे लागते. लांब पट्टे वाचणारी नवी यंत्रे यातल्या बऱ्याच अडचणी सोडवतात. पण कोणते यंत्र वापरायचे आणि किती खोल वाचायचे हे अर्जदारानेच ठरवायचे असेल, तर तो सोयीचेच ठरवणार, आणि माणसाच्या स्वभावाला धरून ते आहे.

कोरा अहवाल किती फसवा असू शकतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण पिकाचे नाही, बैलाचे आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या रिकॉम्बिनेटिक्स या कंपनीने जनुकसंपादनाने जन्मतःच बिनशिंगी वळू तयार केले. २०१५ मध्ये जन्मलेल्या त्यांतल्या एकाचे नाव बुरी. गाईगुरांची शिंगे डागून काढण्याचे क्रौर्य टळेल म्हणून त्याचे कौतुक झाले. जीनोम वाचला होता, भलत्या जागी बदल नाही असे कंपनीने सांगितले होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी, सार्वजनिक साठ्यात ठेवलेली तीच वाचनाची कच्ची माहिती उघडली आणि वेगळ्या प्रकारे लावून पाहिली. बिनशिंगी जनुक आत पोहोचवण्यासाठी जिवाणूत वाढवलेला जो वर्तुळाकार डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड, वापरला होता, तो अख्खाच्या अख्खा बैलाच्या गुणसूत्रात जाऊन बसला होता. त्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकेही होती. बुरीच्या काही वासरांतही तो उतरला.

सुटले कसे? गाईचा संदर्भ जीनोम घेऊन तुलना केली होती, आणि गाईच्या जीनोममध्ये जिवाणूची अक्षरे असत नाहीत. ती जुळत नव्हती म्हणून बाजूला पडली. तसे काही असेल अशी अपेक्षा नव्हती, म्हणून शोधलेच नव्हते. लबाडी कुणी केली नव्हती. दुसऱ्या माणसाने, वेगळा प्रश्न घेऊन, तीच पाने चाळली एवढेच. आणि ती चाळता आली, कारण माहिती उघडी होती.

आता आपल्या व्यवस्थेकडे वळू. ३० मार्च २०२२ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढून, ज्यांच्यात परका डीएनए उरलेला नाही अशा दोन प्रकारच्या जनुकसंपादित वनस्पतींना, एसडीएन-१ आणि एसडीएन-२ या वर्गांना, १९८९ च्या नियमांतल्या जीएम पिकांसाठीच्या कडक तरतुदींतून सूट दिली. मे २०२२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वे आली. परका डीएनए नाही याची खातरजमा प्रामुख्याने संस्थेतल्याच जैवसुरक्षा समितीने करायची आणि वरच्या समितीला कळवायचे, असा त्याचा गाभा. या संस्थांतर्गत समितीवर जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला बाहेरचा सदस्यही असतो, हे सांगायला हवे. तरी उत्तरपत्रिका ज्या घरात लिहिली त्याच घरात तपासायची, असा हा मामला आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले: सांबा मसुरीपासून हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने केलेला डीआरआर धान १०० अर्थात कमला, आणि एमटीयू-१०१० पासून दिल्लीच्या पुसा संस्थेने केलेला पुसा डीएसटी राईस-१. बातम्यांत त्यांच्याबद्दल ‘परका डीएनए नाही’ हे वाक्य ठळकपणे आले.

या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. भातासारख्या पिकात क्रिस्परची कात्री पेशीत पोहोचवण्यासाठी सहसा आधी तिचे जनुक ॲग्रोबॅक्टेरियमच्या वाटेनेच आत सोडतात. म्हणजे संपादित रोप एका टप्प्यावर जनुक-परिवर्तितच असते. काम झाल्यावर पुढच्या पिढीत ज्या रोपांकडे ते जनुक वारशाने गेले नाही, ती निवडतात. ‘परका डीएनए नाही’ हा त्या निवडीनंतरचा दावा आहे. निवड साध्या पीसीआर चाचणीने केली, तर ती कात्रीच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधते. दुसऱ्या गुणसूत्रावर सांडलेला, अर्धवट, वेगळ्या टोकाचा तुकडा तिला दिसेलच असे नाही. मॉन ५३१ मधल्या त्या २४२ अक्षरांची आठवण इथे ठेवावी. संपूर्ण जीनोमच्या वाचनाची खरी गरज याच पायरीवर आहे, आणि त्याची कच्ची माहिती त्रयस्थाने पुन्हा लावून पाहिलीच पाहिजे, ही अट आपल्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी नाही. कमला किंवा पुसा डीएसटीमध्ये काही वावगे आहे असे मला सुचवायचे नाही. तसे मानायला माझ्याकडे कारण नाही. माझा आक्षेप विश्वास मागण्याच्या पद्धतीवर आहे.

त्रयस्थ नजरेची गरज आपल्याकडे याआधी सिद्ध झालेली आहे, तीही नागपूरच्या सरकारी संस्थेच्या बियाण्यावर. खासगी कंपन्यांच्या संकरित बीटीला पर्याय म्हणून केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी मिळून ‘बिकानेरी नरमा बीटी’ तयार केला. हा सरळ वाण, म्हणजे घरचे बियाणे राखून पुन्हा पेरता येणारा. इव्हेंटचे नाव बीएनएलए-६०१. २००८ मध्ये मंजुरी मिळाली, २००९ च्या हंगामात बियाणे शेतकऱ्यांपर्यंत गेले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात दिलेल्या ‘नांदेड ४४’ या जुन्या, लाडक्या संकरित वाणाची बीटी आवृत्तीही याच इव्हेंटवर उभी केली होती. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला स्वस्त, सरकारी बीटी मिळण्याची ती संधी होती. वर्ष संपता संपता विक्री थांबली. त्या बियाण्यात मॉन्सँटोचा मॉन ५३१ सापडला होता. पुढे सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही २०१२ मध्ये त्याच्या अस्तित्वावर शिक्कामोर्तब केले.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा चोरी की भेसळ या अंगाने झाली. मला त्यातले दुसरेच सूत्र महत्त्वाचे वाटते. आपण घातलेले जनुक नेमके कुठे बसले आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची कोणती अक्षरे आहेत, हे वाचणे म्हणजे इव्हेंटची ओळख पटवणे. ते मंजुरीपूर्वी चोखपणे, बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेकडून झाले असते, तर शेजारची अक्षरे मॉन ५३१ ची आहेत हे पिशव्या भरण्याआधीच कळले असते. संपूर्ण जीनोम वाचायचीही गरज नव्हती. तंत्र होते, मनुष्यबळ होते, पैसा सार्वजनिक होता. नसलेली गोष्ट एकच: मंजुरीच्या टेबलावर बसलेल्या कुणीतरी ‘हे मी स्वतः पुन्हा तपासून पाहतो’ असे म्हणणे. किंमत कुणी दिली? सरळ वाणाच्या बीटीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने. दरवर्षी नवे पाकीट विकत घेण्याशिवाय त्याच्यापुढे पर्याय उरला नाही.

याच्या उलट उदाहरण बीटी वांग्याचे. दावलवाडीच्या महिकोने केलेला ईई-१ हा इव्हेंट. माहितीच्या अधिकाराचा झगडा आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश यांनंतर २००८ मध्ये त्याची जैवसुरक्षेची कागदपत्रे उघडी करावी लागली. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी ती वाचली, काहींनी त्यांच्यावर कडक टीका केली, काहींनी ती पुरेशी मानली. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दाखवला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. ती स्थगिती योग्य होती का, यावर आजही मतभेद आहेत. हाच इव्हेंट बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केला आणि जानेवारी २०१४ पासून तिथले शेतकरी तो लावत आहेत. पण वाद कागद समोर ठेवून झाला. संपादित पिकांच्या बाबतीत वादाला कागदच मिळणार नसेल, तर समर्थक विज्ञानाचे नाव घेतील, विरोधक संशयाचे, आणि दोघेही हवेत बोलतील.

आणखी एक अडचण आहे, जी प्रयोगशाळेत दिसत नाही. वाचलेले बियाणे आणि पेरलेले बियाणे एकच असेल, हे गृहीत धरता येत नाही. तणनाशक-सहनशील कापूस, ज्याला बाजारात एचटीबीटी किंवा सरळ ‘चोर बीटी’ म्हणतात, भारतात कधीच मंजूर झाला नाही. तंत्रज्ञानाच्या मालकांनी २०१६ मध्ये आपला अर्जही मागे घेतला. तरी खुरपणीची मजुरी परवडत नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तो पेरला जातो. १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला तो उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची त्यांची मागणी समजण्यासारखी आहे आणि निर्णय वर्षानुवर्षे लटकवून ठेवणारे सरकारही त्या पेरणीला तितकेच जबाबदार आहे. मात्र त्या पाकिटात नेमके काय असते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कोणता इव्हेंट, कशाशी संकर, किती पिढ्यांचे मिश्रण? छापा पडला की पट्टी-चाचणी होते. ती प्रथिन आहे की नाही एवढेच सांगते. दिल्लीत मंजुरीची अक्षरे कितीही बारकाईने वाचली, तरी कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीतली थैली न वाचलेलीच राहते.

आणि एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. मराठवाड्याच्या कापूस उत्पादकाचे आजवर सर्वांत मोठे नुकसान कापसाच्या जीनोममधल्या लपलेल्या उत्परिवर्तनाने केलेले नाही. ते केले अळीच्या जीनोममधल्या उत्परिवर्तनाने. गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला जुमानत नसल्याचे मॉन्सँटोने मार्च २०१० मध्ये मान्य केले. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात दोन जनुकांचा बोलगार्ड-२ सुद्धा तिच्यापुढे पडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या प्रतिकारक्षम अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकाची आठ बिघडलेली रूपे सापडली. हे जनुक बिघडले की बीटीचे विष अळीच्या आतड्यात नीट चिकटत नाही. म्हणजे सिक्वेन्सिंगचा थोडा पैसा दर हंगामात कन्नड, सिल्लोड, पैठण, गेवराईच्या बोंडांतून काढलेल्या अळ्यांवर खर्च केला, तर तो पिकावर खर्च केलेल्या पैशापेक्षा लवकर कामी येईल. पिकाच्या वाचनाने पीक खाण्यास सुरक्षित आहे का याचा काही अंदाज येतो. पुढच्या हंगामात ते शेतात टिकेल का, याचे उत्तर अळीकडे असते.

करायचे काय? यंत्रे वाढवण्यापेक्षा वाचणारे वाढवावेत. फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झाले आहे. मंजुरी किंवा सूट मागणाऱ्या प्रत्येक पिकाचे कच्चे वाचन, मातृरोपाच्या वाचनासह, तिथे जमा करणे बंधनकारक करावे. त्यासोबत जनुक आत नेण्यासाठी वापरलेल्या वाहक डीएनएची पूर्ण अक्षरमाला द्यावी, कारण ती नसेल तर बुरीच्या बाबतीत झाले तेच इथे होईल. अर्जदाराशी संबंध नसलेल्या दुसऱ्या संस्थेने ते नव्याने लावून पाहावे, आणि तिचे शुल्क अर्जदाराने थेट न देता सामायिक निधीतून जावे. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचे केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, परभणी-पुणे-नागपूरला सरकारी बीजपरीक्षण प्रयोगशाळा आहेत. संगणकावरचे वाचन शिकलेली पाच-सात मुले अशा प्रत्येक ठिकाणी असली, तर बाजारातून उचललेल्या थैल्यांचीही पडताळणी होऊ शकेल. इव्हेंटच्या मूळ बियाण्याचा मोहोरबंद नमुना राष्ट्रीय जनुकपेढीत असावा, म्हणजे वीस वर्षांनी चांगले यंत्र आले की पुन्हा वाचता येईल. यातले सगळे एकदम होणार नसेल, तर दुसरा वाचक आधी नेमावा. बाकीचे नंतर चालेल.

कंपन्यांची हरकत मला आधीच ऐकू येते, आणि ती पोकळ नाही. संकरित वाणाचे पालक हेच त्यांचे भांडवल. त्यांचा जीनोम उघडा पडला तर वीस वर्षांचे काम स्पर्धकाच्या हाती जाईल. त्यावर तोड काढता येते. पालकांचा बाकीचा जीनोम ठरावीक वर्षे मोहोरबंद ठेवावा, वाहकाच्या अक्षरांशी जुळणारे आणि संदर्भात कुठेच न बसलेले तुकडे मात्र पहिल्या दिवसापासून उघडे ठेवावेत. आणि जिथे ही हरकत घेताच येत नाही, तिथून सुरुवात करावी. सांबा मसुरी आणि एमटीयू-१०१० हे दोन्ही सार्वजनिक वाण आहेत, त्यांचे संपादन सार्वजनिक पैशातून, सरकारी संस्थांत झाले आहे.